चौकोनी कंसातली अव्वा

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाला आहे. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते. आजोबा आधी गिरणीत आणि नंतर घरच्या मागावर काम करत. आजी, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, ती घरी बसून विड्या वळत असे. दोघेही आता नाहीत आणि तीन वर्षांपूर्वी वडीलही गेले. पत्र्याच्या पेटीत अव्वाच्या आवाजाची एक कॅसेट, पंचवीसेक फोटो, तिचे विडी कामगार ओळखपत्र आणि आजोबांचा गिरणीचा पास सापडला. वडिलांच्या काच फुटलेल्या मोबाईलमध्ये त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत. हे सारे एकत्र करून मला एक डिजिटल कलाकृती करायची आहे. कॅसेटमध्ये अव्वा गाणी म्हणते, पण मागे मागाचा खडखडाट इतका आहे की शब्द नीट कळत नाहीत. बाराव्या मिनिटाला गिरणीचा भोंगाही वाजतो. भाऊ म्हणतो, सॉफ्टवेअरने हा गोंगाट काढून टाकू. त्याने एका ॲपमध्ये अव्वाचा फोटो रंगीत आणि हलता करून घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा आत्या आधी रडली आणि मग रागावली. घरचे विड्यांचे दिवस चव्हाट्यावर मांडू नका, असे तिने बजावले आहे. आमच्या एका शिक्षकांच्या मते तर हा ग्रंथपालाचा विषयच नाही. मी हे करावे का, आणि करायचे तर सुरुवात कोठून करावी?
— एक भावी ग्रंथपाल

उत्तर : स. न. वि. वि.

हे काम तुम्ही अवश्य करावे, असे माझे मत आहे. मात्र कलावंत होऊन त्याला हात घालण्यापूर्वी ते ग्रंथपाल म्हणून करावे, आणि तुमच्या विद्येतले एक अगदी साधे चिन्ह, म्हणजे तालिकेतला (ग्रंथसूचीतला) चौकोनी कंस, जवळ ठेवून करावे. त्या कंसाकडे मी पुढे येईन. आधी शिक्षकांच्या आक्षेपाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याला फार वेळ देण्याची गरज मला वाटत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे हे, तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेच असेल. ध्वनिफिती, छायाचित्रे आणि हस्तलिखिते यांना ग्रंथालयाच्या संग्रहात स्थान मिळून पिढ्या उलटल्या आहेत, आणि घरातली पत्र्याची पेटी हा त्या संग्रहाचाच अजून नोंद न झालेला भाग आहे. ‘डिजिटल’ या शब्दाने तर सोलापूरकराने बिचकण्याचे काहीच कारण नाही. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जाकार याने १८०४ च्या सुमारास जी युक्ती सिद्ध केली, त्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरच आपल्या चादरीची नक्षी उमटत आली : भोक असेल तेथे दोरा उचलला जातो, नसेल तेथे जात नाही. जुन्या तालिकापत्रालाही, म्हणजे एकेका पुस्तकाची नोंद असलेल्या जाड कागदाच्या पत्रालाही, खालच्या बाजूला एक भोक असे आणि त्यातून खणाची सळई जात असे, म्हणजे कोणी घाईत पत्र उपसून नेऊ नये. हे दोन्ही पुठ्ठे एकाच घरात येण्याचा योग तुमच्या वाट्याला आला आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मी ज्या ग्रंथालयात नोकरीला होतो, तेथे व्याख्यानांच्या काही कॅसेट होत्या. सीडी नव्याने स्वस्त झाल्या तेव्हा आम्ही उत्साहाने सगळी व्याख्याने सीडीवर उतरवली, जागा वाचावी म्हणून ध्वनी बराच आवळला, सीडीवर छान चिकट लेबले लावली आणि कॅसेट रद्दीत दिल्या. काही वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच सीडी उघडेनाशा झाल्या. पण मला आजही खरी बोच लागते ती उघडणाऱ्या सीडींची. त्यांत कोणीतरी फार चांगले बोलत आहे, श्रोते हसत आहेत, आणि वक्ता कोण, वर्ष कोणते, सभागृह कोणते, हे सांगणारे कोणी उरलेले नाही, कारण मी लेबलावर ‘व्याख्यान, भाग १’ एवढेच लिहिले होते. आवाज हरवला तर निदान त्याची हळहळ तरी करता येते. आवाज हाती असून तो कोणाचा हे ठाऊक नसावे, यासारखी ग्रंथपालाची नामुष्की नाही.

म्हणून सुरुवात पेटीपासून करा, संगणकापासून नव्हे. एक साधी वही घ्या, ती दाखल नोंदवही समजा आणि पेटीतल्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्या. फोटोच्या मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडा असतो, कधी नुसता गोंदाचा डाग असतो, ज्यावरून तो फोटो पूर्वी अल्बममध्ये होता हे कळते. तेव्हा स्कॅन करताना दोन्ही बाजू करा. घरगुती फोटोसाठी इंचाला ६०० बिंदू ही घनता पुरेशी आहे आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. ४ बाय ६ इंचांच्या रंगीत स्कॅनची फाईल सुमारे २६ एमबीची होते, ती आजच्या काळात जड नाही. पाहण्या-दाखवण्यासाठी त्यावरून वेगळी जेपेग काढा. घरच्या ग्रुपवर फिरलेला फोटो कधीही मूळ प्रत मानू नका, कारण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आवळला जातो आणि तो केव्हा काढला याची फाईलमधली माहितीही गळून पडते. वहीतल्या नोंदी पुढे संगणकावर घ्याल तेव्हा युनिकोड मराठीतच टंकलिखित करा; जुन्या डीटीपी फाँटमध्ये केलेल्या याद्या तो फाँट नसलेल्या संगणकावर कशा चिन्हांचा उकिरडा होऊन बसतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला अधिक सांगावे लागत नाही.

कॅसेटच्या बाबतीत मात्र मी थोडे रेंगाळणार आहे. तिच्या वरच्या कडेला, म्हणजे फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जात नाही. फितीवर पांढुरकी बुरशी दिसत असेल तर ती लावूच नका आणि जाणकाराला दाखवा. बुरशी नसेल तर आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून टेप फीत ओढत किंवा गुंडाळत नाही ना हे पाहा, त्याचे हेड स्वच्छ करून घ्या, आणि मग टेपची तार थेट संगणकाच्या इनपुटला जोडून पूर्ण बाजू एका दमात उतरवा. मधली शांतता, सुरुवातीची खरखर, शेवटी बटण दाबल्याचा खटका, काहीही वगळू नका. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या मोजमापाने केलेली वेव्ह फाईल तासाला सुमारे १ जीबी भरते. ती मूळ प्रत. तिच्यावरून काढलेली एमपी३ ही ऐकण्याची प्रत. मूळ प्रत उघडून तिच्यात फेरफार करायचे नाहीत, हा नियम भावाला आणि त्याहून अधिक स्वतःला घालून द्या.

आणि आता त्या गोंगाटाविषयी. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तुम्ही ज्याला अडथळा म्हणता, त्यात मला तुमच्या कलाकृतीचा गाभा दिसतो. बाराव्या मिनिटाला वाजणारा भोंगा म्हणजे तारखेचा पुरावा आहे. ज्या शहरात १८७७ पासून गिरण्या चालत आल्या, जेथे भोंग्यावर चुली पेटत आणि मुले शाळेला निघत, तेथे पुढे मोठमोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. म्हणजे कॅसेटवरचा भोंगा कोणत्या गिरणीचा होता हे तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या कामगाराने ओळखले, तर ती फीत कोणत्या वर्षाच्या आधीची हे सांगता येईल. शिवाय भोंगा पाळीच्या वेळेवर होत असल्याने दिवसाच्या कोणत्या प्रहरी अव्वा गात होती, याचाही अंदाज करता येईल. आवाज ‘स्वच्छ’ करणारे सॉफ्टवेअर मानवी आवाजाला पुढे आणते आणि सतत चालणाऱ्या ठोक्याला कचरा समजते. त्याला माग म्हणजे काय हे ठाऊक नाही.

पण भोंग्याहूनही मोठी गोष्ट निराळीच आहे. आजोबांच्या आवाजाचा तुमच्या पत्रात कोठेच उल्लेख नाही. त्यांची कॅसेट नाही, व्हॉइस मेसेज नाही, आहे तो केवळ गिरणीचा पास. मग अव्वा गात असताना त्या घरात माग कोण चालवत होते? तो तुमचे आजोबा चालवत असतील, तर ज्याला भाऊ गोंगाट म्हणतो, तेच त्यांचे या जगात उरलेले एकमेव ध्वनिमुद्रण आहे. कदाचित त्या वेळी मागावर दुसरेच कोणी असेल. आजोबा कामावर गेले असतील आणि शेजारच्या घरातला माग ऐकू येत असेल. मला ते माहीत नाही आणि आज तुम्हालाही माहीत नाही. ज्याच्याविषयी आपल्याला नक्की ठाऊक नाही, पण ज्याविषयी गप्प बसणेही बरोबर नाही, अशा गोष्टीसाठीच तालिकाकारांनी चौकोनी कंस राखून ठेवला आहे.

तुम्ही तालिकीकरणाच्या तासाला शिकला असाल : पुस्तकाच्या शीर्षकपानावर आणि आतल्या पानांवर जे छापलेले आहे ते तालिकापत्रावर जसेच्या तसे उतरायचे, आणि जे पुस्तकात नाही, पण तालिकाकाराने बाहेरून शोधून किंवा तर्काने भरले आहे, ते चौकोनी कंसात टाकायचे. वर्षाची खात्री नसेल तर कंसात प्रश्नचिन्ह द्यायचे, आणि दशकच ठाऊक असेल तर [१९८–] असे लिहून शेवटच्या आकड्याची जागा मोकळी सोडायची. विद्यार्थ्यांना हा नियम फार कंटाळवाणा वाटतो. मलाही तो वाटत असे. पुष्कळ वर्षांनी लक्षात आले की वस्तू काय सांगते आणि मी काय सांगतो, यांमध्ये इतकी स्वच्छ रेघ मारणारी दुसरी लेखनपद्धती माझ्या पाहण्यात नाही. आठवणींवर आधारलेली कला बहुधा हीच रेघ पुसते. आजीच्या तोंडी आपली वाक्ये घातली जातात, न पाहिलेल्या संध्याकाळींना केशरी उजेड दिला जातो, आणि पाहणारा गहिवरला की काम साधले असे वाटते. तुमच्या पत्रात ‘शब्द नीट कळत नाहीत’ असे जे प्रांजळ वाक्य आहे, ते मला अशा दहा केशरी संध्याकाळींपेक्षा मोलाचे वाटते.

भावाने रंगवलेल्या फोटोकडे याच नजरेने पाहा. कृष्णधवल फोटोत रंग नसतो, उजेडाची कमी-जास्त मात्रा तेवढी असते. तांबडे आणि हिरवे लुगडे त्यात एकाच करड्या छटेचे दिसू शकते. ॲप जो रंग भरते तो दुसऱ्या असंख्य फोटोंवरून केलेला अंदाज असतो, आणि हलणाऱ्या चेहऱ्यातले पापणीचे लवणे व ओठांचे मुडपणेही भलत्याच कोणाचे तरी असते. आत्या का रडली हे मी सांगू शकत नाही. पण आपल्या आईने कधी केली नाही ती हालचाल आईच्या चेहऱ्यावर पाहावी लागली, तर राग येणे मला स्वाभाविक वाटते. भावाला दोष देऊ नका. त्याने प्रेमानेच केले. मात्र ती फाईल मूळ फोटोंच्या फोल्डरमध्ये राहू देऊ नका, तिच्या नावातच ‘ॲपने रंगवलेला’ असे घाला, नाहीतर आणखी वीस वर्षांनी तुमच्या घरातल्या लहानग्याला अव्वा खरोखरच गुलाबी साडी नेसत असे वाटेल. लुगड्याचा खरा रंग हवा असेल तर तो आत्याला विचारा. ती ‘इरकली होते, काठ तांबडे’ असे काही सांगेल आणि तुमच्या तालिकापत्रावर कंसात ‘[काठ तांबडे, मुलीच्या सांगण्यावरून]’ अशी नोंद पडेल. पाहणाऱ्याच्या मनात रंग भरायला तेवढे पुरते.

येथे आत्याचा प्रश्न येतोच. कायद्याच्या अंगाने पाहिले तर घरगुती पत्रे आणि फोटो यांच्या हक्कांची गुंतागुंत बरीच आहे. उदाहरणार्थ, पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा असतो. पण तुमच्या घरातला तंटा कायद्याने मिटणारा नाही. विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या हातांवर या शहरातली घरे चालली, मांडीवरच्या सुपात पाने आणि तंबाखू घेऊन त्यांनी मुलांची शिक्षणे केली, आणि त्यात लाजण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे बरोबरच आहे. तरीही ते तुम्ही म्हणणे आणि आत्याने म्हणणे यांत अंतर आहे, कारण ते सूप तिने पाहिले आहे, पाने ओली करण्याचे आणि कातरण्याचे काम बहुधा लहानपणी तिच्याही वाट्याला आले आहे, आणि ती ज्याला चव्हाटा म्हणते त्याची तिला पुरती ओळख आहे.

म्हणून परवानगी मागायला जाऊ नका, ऐकवायला जा. ऐकण्याची प्रत आणि एक चांगला हेडफोन घेऊन तिच्या घरी दुपारची जा, पहिली बाजू पूर्ण ऐकू द्या आणि त्या वेळात काही विचारू नका. गाण्याचे शब्द तुमच्यापेक्षा तिला नक्कीच अधिक कळतील. नंतर ती बोलली आणि हरकत नसेल, तर तिचे बोलणेही ध्वनिमुद्रित करा आणि त्यालाही दाखल क्रमांक द्या. एखादे गाणे किंवा मधले एखादे बोलणे बाहेर जाऊ नये असे ती म्हणाली, तर वाद घालू नका; दफ्तरखान्यांत काही कागद ठरावीक वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची रीत आहेच, तशी तुम्हीही नोंद करा : ‘मिनिट १७ ते १९, आत्याच्या हयातीत बंद.’ ही ओळ तुमच्या कलाकृतीत दिसू द्या. झाकलेली जागा झाकलेली म्हणून दाखवणे यात लपवाछपवी नाही.

वडिलांच्या मोबाईलचे काम मात्र लांबणीवर टाकू नका. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून आधी फक्त काच बदलून घ्या आणि फोन ‘रिसेट’ करू नका असे त्याला लिहून द्या. त्या क्रमांकाचे रिचार्ज बंद असेल तर कंपनी तो काही काळाने दुसऱ्याला देते, हेही ध्यानात ठेवा. व्हॉइस मेसेज ओपस स्वरूपाच्या फाईली असतात आणि अँड्रॉइड फोनवर त्यांच्या नावातच बहुधा वर्ष, महिना आणि दिवस असतो. नाव बदलून ‘बाबा १’, ‘बाबा २’ असे करण्याचा मोह आवरा. ज्या संभाषणात ते मेसेज आले, ते संभाषणही निर्यात करून घ्या, कारण ‘हो, येतो’ हे तीन सेकंदांचे उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते हे कळले नाही, तर नुसता आवाज उरतो. मग सगळ्याच्या तीन प्रती करा, त्या दोन प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि एक प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी असू द्या. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, आणि आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो तेव्हा कॅसेट पत्र्याच्या पेटीत आणि पेटी पत्र्याखाली, ही व्यवस्था आधी मोडा.

कलाकृतीचे रूप कसे असावे, हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे; तरी विचारले आहे म्हणून मला जे दिसते ते सांगतो. एका टेबलावर तालिकापत्रांचा एक लाकडी खण, साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची जुन्या मापाची पत्रे, पेटीतल्या प्रत्येक वस्तूचे एक, मराठीत आणि तेलुगूत, हाताने लिहिलेले. शेजारी एकच हेडफोन आणि कॅसेटची पहिली बाजू, काटछाट न करता, मागासकट, भोंग्यासकट. एका वेळी एकच जण ऐकेल आणि ऐकता ऐकता पत्रे चाळेल. पडद्यावर हलणारे काही नसले तरी चालेल. कृपया पार्श्वसंगीत नको. रील करायचीच असेल तर भावाला एका तालिकापत्राची करू द्या. काम पुरे झाले की त्याची एक प्रत आणि नोंदवहीची नक्कल हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातल्या एखाद्या जुन्या संस्थेला देऊ करा आणि त्यांनी ती स्वीकारली तर कोणत्या अटींवर, हे लेखी घ्या. नोकरीच्या मुलाखतीत सांगण्याजोगे काही असेल तर ते हेच असेल.

हे उत्तर वाचून झाले की आधी कॅसेटच्या त्या दोन पट्ट्या मोडा. मग कोऱ्या पत्रावर दाखल क्रमांक १ घालून लिहायला घ्या : ‘ध्वनिफीत, एक. गाणी, तेलुगू. आवाज : अव्वा. मागावर : [        ?]’. ती मोकळी जागा सध्या तशीच ठेवा आणि आत्याकडे जाताना ते पत्र बरोबर न्या.